चप्पल चावते, पण परत येते का? रिव्ह्यू आणि रिटर्न: प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

कोल्हापूरहून ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण. कारागिरांकडून कोल्हापुरी चपला करून घेते आणि ऑनलाइन विकते. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून ठेवते: "अगं, दुसऱ्यांच्या चपलांखाली एवढे ढीगभर रिव्ह्यू असतात. ते वाचून तुझ्या कॉम्प्युटरला कळेल की, कुठला नमुना जास्त परत येतोय ते. म्हंजे तसला नमुना मी करायलाच सांगणार न्हाई."

प्रश्नामागे पैशाचं दुखणं आहे. हाताने शिवलेल्या चपलेची मजुरी कारागिराला आधी मोजून द्यावी लागते. जोड परत आला की जायचं-यायचं भाडं ताईच्या अंगावर पडतं, आणि तळाला माती लागलेली असेल तर तो जोड नवा म्हणून विकता येत नाही. तिला दर हवाय: शंभर जोडांत किती माघारी येतील. आणि तोही माल उचलायच्या आधी.

मी हो म्हटलंय. ताईच्या धंद्याचे आकडे इथे लिहिणार नाही. उदाहरणाला "समजा" म्हणून गोल आकडे घेईन. उत्तर "नाही" निघालं तर तेही तिला सरळ सांगायचं.

9 जानेवारी

सगळी संध्याकाळ "रिटर्न" या एका शब्दात गेली. ताईने सेलर पॅनलमधून उतरवलेली दोन वर्षांची पत्रकं पाठवली. त्यांत एका रकान्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत.

पहिली आरटीओ, म्हणजे "रिटर्न टू ओरिजिन". सीओडीचं (माल हाती आल्यावर पैसे देण्याचं) पार्सल दारापर्यंत जातं, ग्राहक फोन उचलत नाही किंवा "आता नको" म्हणतो, आणि पार्सल न उघडताच माघारी येतं. दुसरी खरी परत: चप्पल पायात घालून पाहिली, पटली नाही, पाठवून दिली. तिसरी बदली: सात नंबर देऊन आठ मागवला. पत्रकात तोही परत आलेला जोड, पण ग्राहक तुटलेला नाही, आठ नंबर त्याच्या पायात आहे.

आरटीओवाल्याने चप्पल पाहिलेलीच नसते, तेव्हा तो तिच्याबद्दल लिहिणार तरी काय? फ्लिपकार्टने 2010 मध्ये सीओडी सुरू केली तेव्हापासून आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीत ती मुरलेली आहे. म्हणजे माघारी येणाऱ्या मालाचा एक मोठा हिस्सा असा, की तो रिव्ह्यूंमध्ये कधी उमटूच शकत नाही. ताईला मात्र भाड्याचा फटका दोन्हीकडून सारखाच बसतो.

छेदाचाही घोळ आहे. जर्मनीतल्या बाम्बर्ग विद्यापीठाच्या अभ्यासगटाने 2018 सालासाठी अंदाज काढला होता: 28 कोटी पार्सलं आणि 48.7 कोटी वस्तू परत गेल्या. पार्सलं मोजा नाहीतर वस्तू, दर वेगळा येणार. रुपये मोजले तर तिसराच.

ठरवून टाकलं. अंशात ग्राहकाने घालून पाहून परत केलेले जोड, छेदात ग्राहकाच्या हाती पोचलेले जोड. बदलीचा रकाना वेगळा. आरटीओ या कामातून पूर्ण बाहेर. ताईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग अर्धं दुखणं तू आधीच बाजूला ठेवलंस की." खरं आहे तिचं. पण ते दुखणं पिनकोडवरून आणि फोनवर ऑर्डर पक्की करण्यातून सुटेल, रिव्ह्यू वाचून नाही.

12 जानेवारी

ताईच्या डाटाला हात लावण्याआधी उघड्यावर मिळणारा एक संच घेऊन पाहिला. बायकांच्या कपड्यांचे रिव्ह्यू, एका अमेरिकी दुकानाचे, एकूण 23,486 ओळी. दुकानाचं नाव मजकुरातून काढून तिथे नुसतं "रिटेलर" घातलंय. शिकाऊ मंडळी यावर फार काम करतात, त्यामुळे त्याचे खाचखळगे माहितीचे आहेत.

स्टारांची वाटणी अशी: पाच स्टार 13,131, चार 5,077, तीन 2,871, दोन 1,565, एक 842. शिवाय "दुसऱ्याला सुचवाल का?" असा रकाना आहे; त्यात 4,172 जणींनी नाही म्हटलंय.

आता यातून परतीचा दर काढा म्हटलं तर? एक स्टारवाल्या सगळ्यांनी परत केलं असं धरलं तर 3.6 टक्के. एक आणि दोन धरले तर 10.2. तीनपर्यंत गेलं तर 22.5. "सुचवणार नाही" हा निकष लावला तर 17.8. चार निकष, चार उत्तरं, आणि पहिल्या-तिसऱ्यात सहापट फरक. यातलं बरोबर कुठलं ते ठरवायला संचात काहीच नाही, कारण कपडा परत गेला की नाही हा रकानाच त्यात नाही.

दर काढणारा माणूस यातला आपल्या मनाजोगता निकष उचलतो आणि मग तोच आकडा "रिव्ह्यूंवरून काढलेला दर" म्हणून फिरतो. मला या कामात सर्वांत जास्त भीती याचीच आहे.

मॅकॉली या संगणक-संशोधकाच्या गटाने 2018 मध्ये कपड्यांच्या मापाच्या कामासाठी वापरलेले दोन संचही उतरवले. मॉडक्लॉथ या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाचा 82,790 नोंदींचा आणि रेंट द रनवेचा 1,92,544 नोंदींचा. त्यांत "लहान झालं, बसलं, मोठं झालं" असं ग्राहकानेच नोंदवलेलं आहे, ते ताईच्या कामाला फार जवळचं. पण रेंट द रनवे कपडे भाड्याने देतं. तिथे जवळजवळ प्रत्येक कपडा परतच जातो! न बसलेलं आणि परत गेलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संचाने नीट दाखवून दिलं.

15 जानेवारी

संक्रांतीला कोल्हापुरात. तिळगूळ झाल्यावर ताईने माळ्यावरून माघारी आलेल्या पार्सलांची दोन पोती खाली काढली. आम्ही दोघी जमिनीवर बसून एकेक फोडत गेलो.

आरटीओची पार्सलं हातात घेतल्याबरोबर ओळखू येतात. टेप शाबूत, वर कुरिअरचे दोन-दोन, तीन-तीन शिक्के, आत कागदात गुंडाळलेला जोड ताईने बांधला तसाच. खऱ्या परतीची पार्सलं आतून बोलतात. एका जोडाचा तळ अगदी कोरा होता, फक्त अंगठ्याच्या वादीला आतून बारीक घामाचा डाग: घरात फरशीवर दोन पावलं टाकून लगेच काढलेला. दुसऱ्याच्या टाचेत लाल माती बसलेली आणि कानांना (बाजूच्या पट्ट्यांना) तेलाचा वास. कुणीतरी तेल लावून मऊ करायचा प्रयत्न केलेला, चार दिवस वापरलेला, आणि मग दिलेला. पत्रकात दोन्ही जोडांपुढे कारण एकच लिहिलंय: "माप/फिटिंग".

त्या तेलवाल्या जोडात चिठ्ठी सापडली, वहीचा फाडलेला कागद: "चप्पल सुंदर आहे पण आईंच्या पायाला सोसत नाही. क्षमस्व." त्या बाईंचा रिव्ह्यू आहे का ते रात्री शोधलं. आहे. पाच स्टार. "कारागिरी अप्रतिम."

ताई बराच वेळ तो कागद हातात धरून बसली होती.

19 जानेवारी

आजचा दिवस "परत" या शब्दाने खाल्ला.

रिव्ह्यूच्या मजकुरातून परत करणाऱ्यांना हुडकायचं म्हणून सुरुवातीला सरळ शब्द शोधले: रिटर्न, परत, वापस. पहिली चाचणी लावली आणि ताईचा सर्वांत लाडका, पुन्हा पुन्हा मागवला जाणारा नमुना "सर्वाधिक परत येणारा" म्हणून यादीत वर आला. काहीतरी चुकतंय हे तिथेच कळलं.

कारण आपल्या भाषेत "परत" म्हणजे माघारीही आणि पुन्हाही. "परत पाठवली" म्हणजे गेली. "परत मागवली" म्हणजे दुसरा जोड घेतला. "परत घेईन" ही शाबासकी. "परत घेणार नाही" ही नाराजी, पण पहिला जोड त्याने ठेवलेला असू शकतो. "परत करणार नाही" वाचून तर मीच अडखळले. जोड ठेवणार असं म्हणायचंय की पुन्हा अशी खरेदी करणार नाही असं? आणि "परत परत बघितली, शेवटी घेतलीच" यात तर परतीचा संबंधच नाही.

"रिटर्न"ही निर्धोक नाही. "रिटर्नची सोय आहे म्हणून बिनधास्त घ्या" असं लिहिणारा समाधानी असतो. "रिटर्न करायचा विचार होता पण चार दिवसांत मऊ झाली" हा तर मला हवा त्याच्या नेमका उलटा माणूस.

म्हणून शब्दावर न जाता शब्दामागच्या क्रियापदावर गेले: पाठवणं, देणं, करणं एका बाजूला, घेणं, मागवणं दुसऱ्या बाजूला, नकार आणि काळ वेगळे. बरीच सुधारणा झाली. तरी रोमन लिपीतलं मराठी, मध्येच हिंदी, आणि एकेका शब्दाची चार-चार स्पेलिंगं आहेतच. इंग्रजी रिव्ह्यूंवर तयार केलेलं आयतं साधन यावर लावून भागणार नाही, हे उद्या कुणी हेच काम हाती घेईल त्याच्यासाठी ठळक लिहून ठेवते.

26 जानेवारी

सुट्टी होती, कागद-पेन्सिल घेऊन बसले.

समजा 1,000 जोड ग्राहकांच्या हाती पोचले आणि त्यांतले 200 परत आले. खरा दर 20 टक्के. ठेवणाऱ्या 800 जणांत शंभरातले 3 रिव्ह्यू लिहितात: 24 रिव्ह्यू. परत करणारे चिडलेले असतात म्हणून त्यांच्यात शंभरातले 6 लिहितात असं धरू: 12 रिव्ह्यू. एकूण 36, त्यांतले 12 परतवाल्यांचे. रिव्ह्यूंवरून दर दिसेल 33 टक्के.

आता उलट धरू. पैसे परत मिळाले, विषय संपला, म्हणून परत करणाऱ्यांत शंभरातला 1 लिहितो: 2 रिव्ह्यू. एकूण 26, त्यांतले 2. दर दिसेल जेमतेम 8 टक्के.

चप्पल तीच, परतही तितकीच. फक्त लिहिण्याची इच्छा बदलली तर 20 चे कधी 33 दिसतात, कधी 8. आणि यात मी अजून कुणाला खोटं बोलायला लावलेलं नाही. सगळे रिव्ह्यू खरे, सगळे वाचताही बरोबर आलेले.

म्हणजे सगळं एका अज्ञात संख्येवर टांगलंय: परत करणारा ठेवणाऱ्याच्या किती पट लिहितो. ही पट जर सगळ्या नमुन्यांना, सगळ्या महिन्यांना सारखी असती तर एकदा मोजून कायमची वापरता आली असती. ताईच्या पत्रकांशी रिव्ह्यू जोडून पाहिले. ती सारखी नाही. पैसे वेळेवर परत मिळाले त्या महिन्यांत परतवाले गप्प, पैसे अडकले त्या महिन्यांत तेच लोक पोटतिडकीने लिहितात. म्हणजे परतवाल्याचा रिव्ह्यू बऱ्याचदा चपलेबद्दल नसतोच, परतीच्या अनुभवाबद्दल असतो.

स्टारांची वाटणी दोन्ही टोकांना फुगलेली आणि मध्ये खपाटीला गेलेली का असते यावर हू, पावलू आणि झांग या संशोधकांनी 2009 मध्ये लिहिलं होतं. दोन कारणं सांगितली होती: ज्याला वस्तू आवडण्याचा संभव तोच ती विकत घेतो, आणि घेतल्यावर मध्यम मताचा माणूस लिहायचे कष्ट घेत नाही. चपलेच्या बाबतीत हा मध्यम माणूसच माझ्या कामाचा आहे. "ठीक आहे, पण नको" म्हणून गुपचूप पाठवून देणारा.

2 फेब्रुवारी

कोण लिहितो आणि कोण नाही ही पहिली गळती. दुसरी: रिव्ह्यू वाचून "याने परत केली" हे ओळखण्यात होणारी चूक. वैद्यकातल्या चाचण्यांची हीच अडचण असते, आणि तिच्यावर रोगन आणि ग्लेडन या संशोधकांनी 1978 मध्ये दिलेलं छोटं सूत्र आहे. चाचणी किती खऱ्या रोग्यांना पकडते आणि किती निरोग्यांना बरोबर सोडते हे माहीत असेल, तर दिसणाऱ्या प्रमाणावरून खऱ्या प्रमाणाकडे जाता येतं.

करून पाहिलं. समजा माझा प्रोग्रॅम 12 टक्के रिव्ह्यूंना "परत" म्हणतो आणि तो खऱ्या परतवाल्यांपैकी 70 टक्के पकडतो. ठेवणाऱ्यांपैकी 95 टक्क्यांना तो बरोबर सोडत असेल तर खरं प्रमाण 10.8 टक्के. पण 95 च्या जागी 90 धरलं तर पकडायचं प्रमाण न बदलता उत्तर थेट 3.3 टक्क्यांवर येतं.

95 की 90 हे ठरवायला काहीशे रिव्ह्यू हाताने वाचून, पत्रकाशी पडताळून पाहावे लागतात. मी वाचतेय. रोज रात्री पन्नास. डोळे दुखतात, पण दुसरा रस्ता नाही.

एवढं करूनही हाती येईल तो रिव्ह्यू लिहिणाऱ्यांमधला दर. लिहिणाऱ्यांकडून सगळ्यांकडे जायचं तर 26 जानेवारीची अज्ञात पट आडवी आहेच.

9 फेब्रुवारी

"चावते" या तक्रारीमागे लागलेय. कोल्हापुरीच्या रिव्ह्यूंत हा शब्द सगळीकडे आहे, आणि तो परतीचा पुरावा मुळीच नाही.

खरं कातडं, वरून शिवण, आत मऊ अस्तर नाही. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावतेच. मग कातडं पायाचा आकार घेतं. लहानपणापासून घातलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. तो लिहितो, "पहिले चार दिवस चावली, आता लोण्यासारखी झाली", आणि चार स्टार देतो. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा ऑनलाइन कोल्हापुरी मागवली, त्याला दुसऱ्याच दिवशी फोड येतो आणि परतीची मुदत सात-दहा दिवसांची. तो पाठवून देतो, लिहीत काहीच नाही. तक्रारीचा शब्द ठेवणाऱ्याने लिहिला, परत मात्र न लिहिणाऱ्याने केली.

आणखी एक. पानावर सगळी मापं आणि सगळे रंग एकत्र असतात आणि रिव्ह्यूही एकत्रच. पत्रक मापानुसार फोडलं तर एका नमुन्यात जवळजवळ सगळी परत सहा नंबरात आहे. पानावर वाचणाऱ्याला फक्त सरासरी दिसते, आणि ती छान दिसते. दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावर तर एकाच नमुन्याचा माल कधी कोल्हापूरचा, कधी कर्नाटकातल्या अथणीचा असू शकतो. 2019 च्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदीत महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, माल कुठल्या हाताचा ते पानावरून कळणार नाही. माझ्या कामात तो फरक मिसळून जातो.

दोन मापं मागवून एक ठेवणारेही आहेत. त्यांचा रिव्ह्यू पाच स्टार, आणि पत्रकात त्याच ऑर्डरपुढे एक परत. दोन्ही खरं.

16 फेब्रुवारी

दर सोडून दिला आणि नुसती क्रमवारी जुळते का ते पाहिलं. ताईचे सहा नमुने घेतले. एकीकडे रिव्ह्यूंतल्या फिटिंगच्या तक्रारींचा वाटा, दुसरीकडे पत्रकातली खरी परत. वरचे दोन जुळले, तळाचा जुळला, मधले तीन उलटसुलट.

सहाच नमुने आहेत, यावर उड्या मारायच्या नाहीत. शिवाय एकेका नमुन्याचे रिव्ह्यू किती थोडे! 20 रिव्ह्यूंत 4 तक्रारी असतील तर आपण 20 टक्के म्हणतो, पण खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा विल्सनच्या 1927 च्या पद्धतीने काढला तर तो साधारण 8 ते 42 टक्के एवढा रुंद निघतो. मधले तीन नमुने त्या पट्ट्यात एकमेकांवर पडणारच.

एक गोष्ट मात्र नीट हाती लागली: एकाच नमुन्यात काळानुसार होणारा बदल. गेल्या पावसाळ्यानंतर एका नमुन्याखाली "वादी सुटली" असे रिव्ह्यू पाठोपाठ आले होते. पत्रकातली परत त्याच्यानंतर काही आठवड्यांनी चढलेली आहे. तिथे पान तेच, ग्राहकवर्ग तोच, लिहिण्याची सवयही साधारण तीच, म्हणून ती अज्ञात पट फार हलली नसावी. दोन वेगळ्या पानांची तुलना केली की हा आधार जातो.

22 फेब्रुवारी

ताईने आज एक चिठ्ठी दाखवली, दुसऱ्या कुणाकडून मागवलेल्या जोडातून निघालेली: पाच स्टार द्या, फोटो पाठवा, पैसे मिळवा. विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहू नये असं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानकही काढलं, पण काढलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. अशी चिठ्ठी ताईने आपल्या पार्सलात कधी घातली नाही, आणि घालणारही नाही म्हणते. मला तिचा अभिमान वाटतो.

कामापुरतं इतकंच: दुसऱ्यांच्या पानांवर असं किती मुरलंय ते बाहेरून मोजता येत नाही. म्हणून स्पर्धकांच्या चपलांचा परतीचा दर काढायचा भाग आजपासून बंद.

ज्यांच्याकडे रिव्ह्यू आणि परत असा दोन्ही बाजूंचा डाटा आहे ते काय करतात तेही पाहिलं. अॅमेझॉनने 2023 मध्ये अमेरिकेत "ही वस्तू वारंवार परत येते" अशी खूण काही वस्तूंवर दाखवायला सुरुवात केली. रिव्ह्यूंचा एवढा मोठा ढीग ज्यांच्या घरात आहे, त्यांनीही ही खूण लावताना परत आलेली खोकी मोजली.

2 मार्च

ताईबरोबर कारागीर मामांकडे. सहा नंबरचा तो नमुना सोबत नेला, आणि सोबत वीसेक रिव्ह्यू छापून नेले, फक्त अंगठ्याबद्दलचे: "अंगठा रुततो", "अंगठ्याची वादी आखूड", "बाकी बसते, अंगठा जात नाही".

मामांनी चष्मा लावून सगळे कागद वाचले. एकही शब्द न बोलता कोनाड्यातून पुठ्ठ्याचे साचे काढले. पाच नंबरचा तळ वेगळा, सहाचा वेगळा. अंगठ्याच्या वादीचा साचा मात्र एकच, दोन्ही मापांना. "पोराने कापलाय. पाचाचाच सहाला लावतोय तो," म्हणाले. मग रापी घेतली, नवा पुठ्ठा पायाखाली धरला आणि माझा पाय त्यावर ठेवायला सांगितला. "पाय पसरट हाय तुझा. समद्यांचाच असतो."

ते खरंच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात 1,01,880 लोकांच्या पायांची मापं घेतली होती, आणि भारतीय पाय सर्वसाधारणपणे जास्त रुंद असतात असं त्यातून पुढे आलं. आपण वापरतो ती यूके मापं लांबीच्या हिशोबाने चढतात, एका नंबराला एक तृतीयांश इंच. रुंदीबद्दल नंबर काही सांगत नाही. अंगठ्याची वादी लांबीशी नाही, रुंदीशी भांडते.

पत्रकाने सांगितलं होतं: सहा नंबर, आणि किती जोड. कारणाच्या रकान्यात नुसतं "माप/फिटिंग". अंगठा हा शब्द रिव्ह्यूंमधून आला, आणि त्या दोघांच्या मधला पुठ्ठा मामांच्या कोनाड्यात होता.

16 मार्च

ताईला अहवाल दिला. चार पानं लिहिली होती, पण तिला स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं.

"रिव्ह्यूंवरून शंभरात किती परत येतील हे मी सांगू शकत नाही. दुसऱ्याच्या चपलेचं तर अजिबात नाही."

"मग एवढे दोन महिने?"

"काय दुखतंय ते रिव्ह्यू सांगतात, ताई. किती जणांना दुखतंय ते तुझी वही सांगते. तुझ्या स्वतःच्या पानावर एखादी तक्रार एकाएकी वाढली तर माल थांबवून बघ. पण नवा नमुना करायचा की नाही हे दुसऱ्याच्या स्टारांवरून ठरवू नकोस."

"आणि नवीन नमुन्याचं कसं करू?"

"शंभर करू नकोस. तीस करून घे, सगळी मापं थोडी थोडी. ते पोचू देत, मुदत संपू दे, मग मोज."

तिने थोडा वेळ विचार केला. "तिसात काय कळणार? तूच म्हणालीस, वीसात काही कळत नाही."

बरोबर पकडलं तिने. तीस जोडांवरून दर ठरणार नाही, हे मी मान्य केलं. पण तीसपैकी दहा परत आले तर शंभर करायचे नाहीत एवढं नक्की कळेल, आणि सध्या तिला तेवढंच कळायला हवंय. वीस रिव्ह्यू म्हणजे आपणहून पुढे आलेली वीस माणसं. तीस जोड म्हणजे हाती पोचलेले सगळेच्या सगळे, गप्प बसणारे धरून. लहान असला तरी हा छेद पुरा आहे.

तिच्या पत्रकाला चार नवे रकाने जोडले: माप, साचा कुणी कापला, तळ कोरा की वापरलेला, आणि आतली चिठ्ठी. आरटीओसाठी स्वतंत्र पान.

30 मार्च

पाडवा. नव्या साच्याचे सहा नंबरचे पहिले जोड परवा तयार होऊन आले, आज गुढी उभारल्यावर ताईने पार्सलं बांधली. प्रत्येक जोडासोबत मराठी-हिंदीत छापलेला कागद घातलाय: पहिले दिवस घरात मोजे घालून थोडा थोडा वेळ घाला, वादीला आतून तेलाचं बोट लावा, तरी अंगठा रुतला तर आम्हाला फोन करा. पाच स्टारांबद्दल त्यात काही नाही.

पत्रकात नव्या साच्याची ओळ उघडली. पोचायला आठवडाभर, त्यापुढे परतीची मुदत, त्यापुढे पार्सल माघारी यायला आणखी काही दिवस. मधेच दर काढला तर तो खोटाच कमी दिसेल, कारण ज्यांना परत करायचंय त्यांची वेळच आलेली नसेल. ताई आज दुपारीच विचारत होती, किती आलेत म्हणून. दराच्या रकान्यात पेन्सिलीने लिहून ठेवलंय: 27 एप्रिलपर्यंत इथे काही लिहायचं नाही.